जनुकांची उघडझाप आणि आपले डोळे

एखाद्या घरी जन्मतःच दृष्टिदोष असलेले मूल जन्मास आले, अथवा मधुमेहाने कुणाची नजर मंदावली, की आपल्या समाजात दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले उत्तर म्हणजे ‘हे त्यांच्या रक्तातच आहे’ आणि दुसरे म्हणजे ‘हे नशिबाचे भोग आहेत’. दोन्ही उत्तरांचा परिणाम एकच होतो. मनुष्य हातावर हात ठेवून स्वस्थ बसतो. पुष्कळदा तर मुलाच्या व्यंगाचा दोष त्याच्या मातेच्या माथी मारला जातो आणि तिच्या दुःखात आणखी भर पडते.

गेल्या काही दशकांत विज्ञानाची एक शाखा झपाट्याने पुढे आली आहे. तिचे नाव एपिजेनेटिक्स. मराठीत तिला अधिजनुकशास्त्र असे म्हणता येईल. आईबापांकडून जनुके कोणती मिळाली, एवढ्यावरच सारे अवलंबून नसते. त्या जनुकांपैकी कोणती केव्हा उघडली आणि कोणती मिटली, यालाही तितकेच महत्त्व असते, असे हे शास्त्र सांगते. डोळ्यांच्या बाबतीत या शोधाचा अर्थ काय, आणि खेड्यातील गृहिणीपासून कचेरीतील अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाने त्यातून काय घ्यावे, याचा विचार या लेखात केला आहे.

दप्तर एकच, रुमाल निराळे

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. तांबड्या रक्तपेशींसारखे थोडे अपवाद वगळता प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या गुणसूत्रांत डीएनए नावाचा अतिसूक्ष्म धागा असतो. एका पेशीतील हा धागा सरळ केला, तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरेल. त्या धाग्यावर चार रासायनिक अक्षरांच्या लिपीत शरीराच्या बांधणीच्या सूचना लिहिलेल्या असतात. अशा एकेका सूचनेला जनुक म्हणतात. प्रथिने कशी बनवावीत हे सांगणारी सुमारे २० हजार जनुके मनुष्यात आहेत.

आता येथे एक प्रश्न सहज उभा राहतो. यकृताच्या पेशीतही हीच जनुके आणि डोळ्याच्या पेशीतही हीच, तर मग यकृताला दिसत का नाही, आणि डोळा पित्त का तयार करीत नाही?

याचे उत्तर समजण्यासाठी जुन्या दप्तरखान्याचे उदाहरण घेऊ. पूर्वी सरकारी कागदपत्रे कापडी रुमालांत बांधून ठेवीत असत. दप्तरखान्यात हजारो रुमाल असले, तरी एका दिवशी कारकून त्यांतील मोजकेच सोडतो. ज्याच्याकडे जमीनमहसुलाचे काम आहे तो महसुलाचे रुमाल सोडतो, आणि न्यायाचे काम ज्याच्याकडे आहे तो दाव्यांचे. दप्तर सर्वांचे एकच असते. सोडलेले रुमाल मात्र निराळे असतात. पेशींचेही तसेच आहे. डोळ्यातील भिंगाच्या पेशीत क्रिस्टॅलिन नावाची पारदर्शक प्रथिने बनविणारी जनुके उघडी असतात. यकृताच्या पेशीत तीच जनुके आहेत, परंतु ती गाठ मारून ठेवलेली असतात.

ही गाठ मारण्याच्या मुख्य रीती दोन आहेत. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट झाली की तेथील जनुक वाचता येत नाही, आणि सैल झाली की वाचता येते. हिस्टोनवर लहान रासायनिक खुणा चढवून किंवा उतरवून पेशी ही गुंडाळी घट्ट वा सैल करीत असते. दुसरी रीत म्हणजे खुद्द धाग्यावरील अक्षरांना मेथिल नावाचा एक छोटा रासायनिक गट चिकटविणे. याला मेथिलीकरण म्हणतात. जनुकाच्या आरंभभागी अशा खुणा दाट झाल्या की ते जनुक बहुधा मुके होते. यांत मूळ अक्षर एकही बदललेले नसते. शिवाय एका पेशीच्या दोन पेशी होताना यांतील पुष्कळ खुणा नव्या पेशींकडेही जातात. म्हणूनच भिंगाच्या पेशीची संतती भिंगाचीच राहते.

‘एपिजेनेटिक्स’ ही संज्ञा ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ साली रूढ केली. त्यांनी दिलेले एक चित्र प्रसिद्ध आहे. डोंगरमाथ्यावरून एक गोटी खाली घरंगळते. उतारावर दऱ्यांना फाटे फुटत जातात. गोटी एकदा ज्या दरीत उतरली, त्या दरीतून तिला सहसा बाहेर पडता येत नाही. गर्भातील पेशीचेही असेच आहे. आरंभी ती काहीही होऊ शकते, पण पुढे एकेक वळण घेत ती अखेर डोळ्याची, त्वचेची वा हाडाची पेशी होऊन स्थिरावते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले पावसाचे पाणी पूर्वेला गेले तर एका समुद्राला मिळते आणि पश्चिमेला गेले तर दुसऱ्या. वाट ठरते ती माथ्यावरच.

गर्भातील डोळ्याची जडणघडण

गर्भधारणेनंतर सुमारे २२ व्या दिवशी, म्हणजे गर्भ जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा असताना, भावी मेंदूच्या दोन बाजूंना दोन बारीक खाचा पडतात. हाच डोळ्यांचा आरंभ होय. या वेळी अनेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची कल्पनाही नसते. या खाचांतून फुगे तयार होतात, फुगे आत दबून त्यांच्या वाट्या होतात, आणि वाटीच्या तोंडाशी वरच्या त्वचेतून भिंग आकार घेते. वाटीच्या आतील अस्तराचे दृष्टिपटल बनते. वाटीच्या खालच्या बाजूस एक फट असते. ती सातव्या आठवड्याच्या सुमारास मिटते. मिटली नाही, तर बुबुळाला किंवा आतील पडद्याला कायमची खाच राहते. या दोषास कोलोबोमा म्हणतात.

हे सर्व घडविण्याचा हुकूम कोण देतो? स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे वॉल्टर गेरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. फळमाशीतील डोळ्याशी संबंधित एक जनुक त्यांनी भलत्याच ठिकाणी उघडले, तेव्हा माशीच्या पायांवर व पंखांवर डोळे उगवले. मनुष्यातील त्याचे भावंड असलेल्या जनुकास पॅक्स-६ म्हणतात. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असेल, तर मुलाच्या डोळ्यांत बुबुळाचा रंगीत पडदा नीट तयार होत नाही. हा रुमाल योग्य जागी व योग्य वेळी सुटणे किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानी येईल. तो पायावर सुटला तर पायावर डोळा उगवतो आणि डोळ्याच्या जागी सुटलाच नाही तर डोळाच अपुरा राहतो.

रुमाल सोडणाऱ्या यंत्रणेतच दोष असला तर काय होते, याचेही उदाहरण उपलब्ध आहे. सीएचडी-७ नावाचे जनुक असे एक प्रथिन बनविते की ज्याचे कामच डीएनएची गुंडाळी सरकवून जनुके वाचण्याजोगी करणे हे आहे. हे जनुक बिघडले तर मुलाच्या डोळ्यांत कोलोबोमा, कानांत व हृदयात दोष, अशी अनेक व्यंगे एकत्र आढळतात. या विकारास चार्ज सिंड्रोम म्हणतात. त्याचे मूळ या जनुकात असल्याचे २००४ साली सिद्ध झाले. एका कारकुनाच्या गैरहजेरीने दप्तरखान्यातील अनेक खात्यांचे काम अडावे, तसाच हा प्रकार आहे.

दृष्टी ही केवळ जन्मापूर्वीच घडते असेही नाही. उंदरासारखा प्राणी रात्री हिंडतो. त्याच्या दृष्टिपटलातील दंडपेशींचे केंद्रक जन्मानंतरच्या काही आठवड्यांत आतून बाहेर उलटल्यासारखे होते. इतर पेशींत कडेला असणारा घट्ट बांधलेला डीएनए तेथे मध्यभागी गोळा होतो, आणि ते केंद्रक इवल्याशा भिंगाप्रमाणे मंद प्रकाश पुढे पोहोचविते. जर्मनीतील संशोधकांनी २००९ साली हे दाखवून दिले. दिवसा वावरणाऱ्या मनुष्याच्या दंडपेशीत असे घडत नाही.

टेक्सासमधील अकरा पिल्ले

पोषणाचा आणि जनुकांच्या उघडझापेचा संबंध पटवून देणारी एक जुनी घटना अमेरिकेतील टेक्सास राज्यात घडली. तेथील फ्रेड हेल या पशुसंशोधकाने एका डुकरिणीला गर्भधारणेपूर्वीपासून आणि गर्भधारणेच्या आरंभकाळात अ जीवनसत्त्व नसलेला आहार दिला. तिला ११ पिल्ले झाली. त्यांपैकी एकाही पिल्लाला नेत्रगोल नव्हता! हा वृत्तान्त १९३३ साली प्रसिद्ध झाला. हे व्यंग वंशपरंपरागत असावे, असे कुणालाही वाटले असते. परंतु पुढील प्रयोगांत आहारात पुरेसे अ जीवनसत्त्व दिल्यावर त्याच वंशात डोळस पिल्ले जन्मास आली. ‘रक्तात’ काहीही बिघडलेले नव्हते. उणे होते ते आहारात.

त्या काळी डीएनएची रचनाही ठाऊक नव्हती, त्यामुळे हे का घडले याचा उलगडा पुष्कळ पुढे झाला. अ जीवनसत्त्वापासून शरीरात रेटिनॉइक आम्ल तयार होते. त्याला धरून ठेवणारी प्रथिने डीएनएवर ठराविक जागी बसलेली असतात. रेटिनॉइक आम्ल नसते तेव्हा ही प्रथिने हिस्टोनवरील सैल करणाऱ्या खुणा पुसणाऱ्या मदतनिसांना बोलावतात, आणि जनुक मिटलेले राहते. आम्ल येताच हे मदतनीस दूर होतात, गुंडाळी सैल करणारे दुसरे मदतनीस येतात आणि जनुक उघडते. अशा रीतीने ताटातील एक घटक थेट गर्भाच्या दप्तरखान्यापर्यंत पोहोचतो.

यातून गरोदर स्त्रीच्या आहाराचे महत्त्व स्पष्ट होते. तांबडी भाजी, शेवग्याची पाने, पालक, गाजर, पिकलेली पपई, आंबा, दूध, अंडी, मासळी हे पदार्थ आपल्याकडे दुर्मीळ नाहीत. तथापि येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. जे थोडे असता हितकर, ते अति झाल्यास घातक ठरते. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या गरोदरपणी आपल्या मनाने घेतल्यास गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे औषध याच कुळातील आहे, आणि ते गर्भास अत्यंत धोकादायक आहे. सबब रोजच्या आहारावर भर द्यावा आणि गोळी केवळ डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. बालकांना ठराविक वयात द्यावयाची अ जीवनसत्त्वाची मात्रा ही निराळी गोष्ट आहे. पोषणाअभावी येणारे अंधत्व टाळण्यासाठी आपल्या देशात हा कार्यक्रम १९७० पासून सुरू झाला. पालकांनी त्या मात्रा चुकवू नयेत.

बाहुलीतील पांढरी चमक

लहान मुलांच्या दृष्टिपटलात होणाऱ्या कर्करोगास रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. सुमारे १५ ते २० हजार जन्मांमागे एका मुलास तो होतो, आणि बहुधा पाच वर्षांच्या आतच प्रकट होतो. रोग विरळ असला, तरी जनुकांविषयीच्या आपल्या ज्ञानात त्याने मोठी भर घातली आहे. अमेरिकन डॉक्टर आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली असा विचार मांडला की, या रोगास एका जनुकावर दोन आघात व्हावे लागतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडील व एक वडिलांकडील. एक प्रत निकामी झाली तरी दुसरी काम निभावून नेते. दोन्ही गेल्या की पेशींच्या वाढीला लगाम उरत नाही. हे लगाम घालणारे आरबी-१ नावाचे जनुक १३ व्या गुणसूत्रावर असून ते १९८६ साली हाती लागले.

आरंभी असा समज होता की आघात म्हणजे अक्षरांतील बिघाडच. परंतु १९८९ साली जर्मनीतील संशोधकांना काही गाठींमध्ये निराळेच दृश्य दिसले. जनुकाच्या आरंभभागी मेथिल खुणा दाट चिकटल्या होत्या. मजकूर शाबूत असूनही वाचता येत नव्हता. पान फाटणे आणि पानावर पान चिकटणे, या दोन्हींचा परिणाम वाचणाऱ्याला सारखाच होतो, तसे हे आहे. कर्करोगात अधिजनुकीय खुणांचाही वाटा असू शकतो, हे दाखविणाऱ्या आरंभीच्या उदाहरणांत याची गणना होते.

पालकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या रोगाची पहिली खूण पुष्कळदा घरच्यांनाच दिसते. मुलाच्या डोळ्याच्या काळ्या बाहुलीत पांढरी चमक दिसते. मांजराच्या डोळ्यासारखा तो डोळा चकाकतो. काही वेळा फ्लॅशने काढलेल्या छायाचित्रात एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा येतो. मूल तिरळे पाहू लागणे हीही एक खूण आहे. अशी खूण दिसताच, मूल हसत-खेळत असले तरी, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. पांढरी चमक मोतीबिंदू वा अन्य कारणानेही असू शकते, परंतु त्यांपैकी कोणतेही कारण थांबण्याजोगे नाही. रोग वेळीच सापडला तर बहुतेक मुलांचे प्राण वाचतात आणि अनेकांची दृष्टीही वाचते. ‘दृष्ट लागली आहे, उतरवून टाकू’ असे म्हणत घालविलेले दिवस मात्र परत मिळत नाहीत.

मधुमेहाची स्मृती

या विषयाचा आपल्याशी सर्वांत निकटचा संबंध मधुमेहाच्या रूपाने येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील २० वर्षे व त्यावरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के होते, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे पाहणी झालेल्या सर्व राज्यांत सर्वाधिक होते. साधारणतः दर चार प्रौढांमागे एक! ही संख्या कोणासही विचार करावयास लावील अशीच आहे.

मधुमेहात रक्तातील वाढलेली साखर दृष्टिपटलातील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करते. त्या पाझरतात, बुजतात आणि त्यांच्या जागी नाजूक नव्या वाहिन्या फुटतात. त्या फुटून रक्तस्राव झाला की दृष्टी जाते. हे सारे बराच काळ वेदनेविना चालते, म्हणून रोग्यास त्याचा पत्ता लागत नाही.

साखर आटोक्यात ठेवल्याने किती फरक पडतो, हे तपासण्यासाठी अमेरिका व कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात एक मोठी चाचणी घेण्यात आली. इन्शुलिनवर असलेले १४४१ रुग्ण तीत सहभागी झाले होते. एका गटाची साखर कसोशीने आटोक्यात ठेवली आणि दुसऱ्या गटावर त्या काळचे नेहमीचे उपचार केले. पहिल्या गटातील ज्यांचे डोळे आरंभी निरोगी होते, त्यांच्यात दृष्टिपटलाचा विकार उद्भवण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटले. येथवर अपेक्षित असेच घडले.

विशेष गोष्ट पुढेच आहे. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांना सारखाच उत्तम उपचार सुचविण्यात आला, आणि काही वर्षांत दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली. मग डोळ्यांतील फरकही मिटावयास हवा होता. परंतु तो मिटला नाही. पूर्वी ज्यांची साखर आटोक्यात होती, त्यांचे डोळे पुढेही अनेक वर्षे अधिक सुरक्षित राहिले. उलट, पूर्वीच्या वाढलेल्या साखरेची किंमत दुसरा गट पुढेही मोजीत राहिला. शरीराने जणू जुन्या दिवसांची नोंद ठेवली होती. शास्त्रज्ञ यालाच चयापचयाची स्मृती असे म्हणतात. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाविषयी ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासातही, आरंभीच्या नियंत्रणाचा लाभ नंतर वर्षानुवर्षे टिकतो असे २००८ साली दिसून आले.

ही नोंद कोठे लिहिली जाते? वाढलेल्या साखरेच्या काळात दृष्टिपटलाच्या पेशींतील काही जनुकांवर हिस्टोनच्या व मेथिलच्या खुणा बदलतात, आणि साखर पुन्हा नियमित झाल्यावरही त्या सर्वस्वी पुसल्या जात नाहीत, असे उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले. अमेरिकेत संशोधन करणाऱ्या डॉ. रेणू कौलुरू यांचे या विषयातील कार्य प्रसिद्ध आहे. वरील चाचणीतील रुग्णांच्या रक्तपेशींची तपासणीही डॉ. रमा नटराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. डीएनएवरील काही ठिकाणचे मेथिल खुणांचे फरक १६-१७ वर्षांनंतरही कायम असल्याचे त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. ही तपासणी रक्तपेशींची होती, प्रत्यक्ष दृष्टिपटलाची नव्हे. यास्तव तिला अंतिम पुरावा मानता येणार नाही. परंतु प्राण्यांवरील प्रयोग आणि माणसांवरील निरीक्षणे एकाच दिशेकडे बोट दाखवितात, हे निश्चित.

यातून निघणारा व्यावहारिक बोध साधा आहे. मधुमेहाचे निदान झाल्यानंतरची पहिली काही वर्षे सर्वांत मोलाची असतात. ‘अजून काही त्रास होत नाही, पुढे पाहू’ असे म्हणणारा मनुष्य त्याच वर्षांत आपल्या डोळ्यांच्या दप्तरात नको त्या नोंदी करीत असतो. याचा अर्थ ज्यांची आरंभीची वर्षे हेळसांडीत गेली, त्यांनी निराश व्हावे असा मुळीच नाही. साखर केव्हाही आटोक्यात आणली तरी पुढील हानी कमी होते. उशीर झाला म्हणून अधिक उशीर करणे शहाणपणाचे नव्हे. मात्र साखर एकाएकी फार खाली आणल्यास डोळ्यांतील विकार काही काळ वाढू शकतो. म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

पुसलेल्या खुणा आणि नव्या आशा

गाठ एकदा बसली की ती कधीच सुटत नाही का? जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या त्वचेच्या पेशीत चार जनुके घालून तिला जणू पुन्हा डोंगरमाथ्यावर नेऊन ठेवले. अशा पेशीपासून पुन्हा हवी ती पेशी घडविता येते. या कार्याबद्दल त्यांना जॉन गर्डन यांच्यासमवेत २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१४ साली जपानमधील कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या नेतृत्वाखाली एका वृद्ध स्त्रीच्या त्वचेपासून दृष्टिपटलामागील थराच्या पेशी बनवून तिच्याच डोळ्यात बसविण्यात आल्या. या विद्येचा माणसावर झालेला तो पहिला उपचार होता. २०२० साली अमेरिकेतील संशोधकांनी यांपैकी तीन जनुके उंदरांच्या दृष्टिचेतापेशींत चालविली, तेव्हा काचबिंदूसारख्या विकाराने व वार्धक्याने गमावलेली दृष्टी त्या उंदरांना काही अंशी परत मिळाली. त्यासाठी मेथिल खुणा काढणारी यंत्रणा आवश्यक असल्याचेही दिसून आले.

ही आशादायक पावले आहेत, पण उंदरात साधले ते माणसात साधण्यास काळ व कसोटी लागते. ‘जनुके बदलून डोळे बरे करतो’ किंवा ‘चष्मा घालवितो’ अशा जाहिराती करणाऱ्यांपासून जनतेने सावध राहावे.

आपण काय करावे?

नव्या शास्त्राची गोडी केवळ ज्ञानापुरती राहू नये, यासाठी पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

१. विवाहित स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासूनच सकस आहार घ्यावा. गर्भाच्या डोळ्याची पायाभरणी मातेला गरोदरपण कळण्याच्या सुमारासच सुरू झालेली असते. मधुमेह असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच साखर आटोक्यात आणावी आणि डोळे तपासून घ्यावेत.

२. ग्रहणात भाजी चिरल्याने वा सुई हाती धरल्याने मुलास व्यंग येत नाही. अशा समजुतींनी मातेला दोषी ठरवू नये. जन्मजात नेत्रदोषाची कारणे अनेक असतात, आणि पुष्कळदा ती कुणाच्याही हातची नसतात.

३. बालकाच्या बाहुलीत पांढरी चमक अथवा तिरळेपणा दिसल्यास विनाविलंब नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. अंगणवाडी सेविका, परिचारिका व शिक्षक यांनी याकडे विशेष लक्ष पुरवावे.

४. मधुमेही व्यक्तीने दृष्टी चांगली असली तरी वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्यावी. प्रौढपणी मधुमेह झालेल्यांनी ही तपासणी निदान होताच सुरू करावी. गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित करावी, आणि रक्तदाबही तपासावा.

५. तंबाखू व धूम्रपान सोडावे. उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज होण्याचा धोका धूम्रपानाने वाढतो.

जनुके ही वाडवडिलांची ठेव आहे. ती आपण निवडलेली नाही आणि बदलणेही आपल्या हाती नाही. परंतु त्या ठेवीचा विनियोग कसा होतो, यात आहाराचा, उपचाराचा आणि वेळेचा वाटा असतो. यांतील वेळ हा घटक सर्वांत दुर्लक्षित आहे. गर्भाचे पहिले आठवडे, बालकाची पहिली वर्षे आणि मधुमेहाची पहिली वर्षे अशा तीनही काळांत डोळा आपली नोंद करून ठेवीत असतो. ती नोंद चांगली व्हावी, यासाठी खर्च फारसा लागत नाही. लागते ती वेळेवरची जागरूकता.

शाळांतील चर्चेसाठी प्रश्न

१. सर्व पेशींत जनुके सारखी असताना डोळ्याची पेशी व यकृताची पेशी निराळ्या का असतात?

२. टेक्सासमधील पिल्लांचे व्यंग वंशपरंपरागत नव्हते, हे कशावरून सिद्ध झाले?

३. जनुकातील अक्षरे न बदलताही जनुक कसे निकामी होऊ शकते?

४. तुमच्या घरात वा शेजारी मधुमेही व्यक्ती असल्यास, त्यांनी डोळ्यांची शेवटची तपासणी केव्हा केली, हे विचारा आणि वर्ष उलटले असल्यास त्यांना तपासणीस जाण्याची आठवण करा.